नवी रचना लिहून घेताना: एका चेलोवादकाच्या आगामी हंगामाची पूर्वतयारी

ऑक्टोबर २०२६ मध्ये सुरू होणाऱ्या माझ्या मैफलींच्या हंगामाचे वेळापत्रक नुकतेच कायम झाले. त्यात दोन नव्या रचना आहेत. एक केवळ चेलोसाठी, म्हणजे व्हायोलिनच्या कुळातल्या, बसून गजाने वाजवायच्या मोठ्या वाद्यासाठी, सुमारे चौदा मिनिटांची. दुसरी चेलो आणि तंतुवाद्यवृंदासाठी, सुमारे बावीस मिनिटांची. दोन्ही हयात रचनाकारांकडून या हंगामासाठी लिहून घेतलेल्या आहेत, दोन्हींच्या स्वच्छ प्रती हातात आल्या आहेत आणि दोन्हींचे एकाहून अधिक प्रयोग लेखी ठरलेले आहेत. यातल्या शेवटच्या गोष्टीचे मला सर्वांत जास्त समाधान आहे, आणि ते का, हे पुढे ओघात येईलच. हे काम हाती घेतले तेव्हा कोणाला काय विचारायचे, पैसे कुठून उभे करायचे, करारात काय लिहायचे, याची माहिती एका जागी कुठेही मिळाली नव्हती. ज्येष्ठ वादकांनी आपापल्या अनुभवातल्या गोष्टी सुट्या सुट्या सांगितल्या आणि त्या जोडत मी पुढे गेले. आता सगळे आठवणीत ताजे आहे तोवर क्रमाने लिहून ठेवते आहे.

सुरुवात फेब्रुवारी २०२४ मध्ये झाली. चेलोचे आजचे भांडार वादकांनी रचनाकारांच्या मागे लागून केवढे वाढवले आहे, हे या वाद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. विसाव्या शतकातले चेलोवादक म्स्तिस्लाव रोस्त्रोपोविच या एकट्यांसाठी शंभराहून अधिक रचना लिहिल्या गेल्या. शोस्ताकोविच यांचा १९५९ सालचा पहिला कन्चेर्तो (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांची रचना), बेंजामिन ब्रिटन यांचे १९६४, १९६७ आणि १९७१ साली लिहिलेले तीन एकल सुइट् (छोट्या भागांच्या माळा), लुतोस्लावस्की यांचा १९७० मध्ये प्रथम वाजलेला कन्चेर्तो, ही त्यातली काही नावे. पण त्या शंभरांतल्या आज वारंवार ऐकू येतात त्या मोजक्याच. नवी रचना मिळवणे जमते, तिचा पहिला प्रयोगही थाटात होतो. अवघड असतो तो दुसरा, तिसरा आणि त्यापुढचा प्रयोग. पहिल्या प्रयोगाची बातमी होते, म्हणून आयोजकांना तो हवा असतो. दुसऱ्याच्या वेळी रचना नवी म्हणून मिरवता येत नाही आणि ओळखीचीही झालेली नसते. माझ्या परिचयातल्या कितीतरी चांगल्या रचना एकदाच वाजून कपाटात गेल्या आहेत. तेव्हा दुसरा प्रयोग कुठे होईल हे कळेपर्यंत पहिल्याची तारीख धरायची नाही, असे मी सुरुवातीलाच ठरवले आणि पुढचे बहुतेक निर्णय त्यातूनच निघाले.

एकल रचनेसाठी ज्या रचनाकार बाई माझ्या मनात होत्या, त्यांची दोन चतुष्टये, म्हणजे चार वादकांच्या रचना, मी पूर्वी वाजवली होती. त्यांना पत्र लिहिण्याआधी त्यांच्या मिळतील तेवढ्या रचना ऐकल्या, स्वरलिपी समोर ठेवून ऐकल्या. हे प्रत्येकाने करावेच. ध्वनिमुद्रणातून रचनाकाराचा आवाज कळतो. स्वरलिपीतून तो वादकाकडून काय मागतो, तालमीला वेळ किती लागेल आणि गजाची बाजू त्याला कितपत माहीत आहे, हे कळते. पत्रात वाद्य, अपेक्षित कालावधी, पहिल्या प्रयोगाचा अंदाजे महिना आणि पैशांची खरी स्थिती, म्हणजे अजून काहीही जमलेले नाही, असे सरळ लिहिले. सुमारे तीन आठवड्यांनी उत्तर आले. पुढच्या वसंतापर्यंत हातात आधीची कामे आहेत, २०२५ च्या अखेरीस रचना देता येईल, असे त्यांनी कळवले होते. शेवटी एकच प्रश्न होता: ‘तुमच्या चेलोवर सर्वांत हट्टी सूर कोणता?’ पत्र वाचून मी लगेच चेलो बाहेर काढला.

त्यानंतरचे काही महिने पैशांत आणि कागदपत्रांत गेले. प्रत्यक्ष आकडे देण्यात अर्थ नाही, कारण रचनेची लांबी, वाद्यांची संख्या आणि रचनाकाराचा अनुभव यांवर ते कुठेही जाऊ शकतात. प्रमाण मात्र सांगते. एकूण खर्चातली निम्म्याहून थोडी अधिक रक्कम रचनाकाराच्या मानधनाची होती. उरलेल्या रकमेत स्वरलिपीची छपाईयोग्य प्रत करणाऱ्याचे शुल्क, रचनाकाराबरोबरच्या बैठकांचा प्रवास, तालमीच्या जागेचे भाडे आणि एका ध्वनिमुद्रणाचा खर्च होता. पहिला अंदाज लिहिताना मानधनाच्या पलीकडचे हे खर्च बहुतेकांच्या ध्यानात येत नाहीत, असे दोन ज्येष्ठांनी बजावले होते. त्यामुळे मी प्रत्येक बाब वेगळ्या ओळीत मांडली आणि अखेरीस दहा टक्के राखीव ठेवले. ते दहा टक्के पुढे पूर्ण खर्ची पडले.

अनुदान देणाऱ्या न्यासांचे अर्ज दिसायला सारखे, पण नियमांत वेगवेगळे असतात. बहुतेक सगळीकडे रचनाकाराचे संमतीपत्र, त्याच्या पूर्वीच्या कामाचे नमुने, वादकाची ध्वनिमुद्रणे, तपशीलवार अंदाजपत्रक आणि प्रयोग ठेवणाऱ्या सभागृहाचे पत्र मागतात. अडते ते या शेवटच्या पत्रापाशी. न्यासाला प्रयोगाची खात्री हवी असते आणि सभागृहाला पैशांची. मार्ग असा निघाला की सभागृहाकडून सशर्त पत्र घ्यायचे: ‘अनुदान मंजूर झाल्यास अमुक महिन्यात प्रयोग ठेवण्याचा आमचा मानस आहे.’ बहुतेक न्यासांना असे पत्र चालते. चालत नसेल तर अर्ज भरण्याआधी फोन करून विचारावे. दुसरी बाब त्याहून महत्त्वाची. आधीच सुरू झालेल्या कामाला अनेक न्यास पैसे देत नाहीत आणि ‘सुरू झालेले’ याचा त्यांच्या लेखी अर्थ करारावरची सही असा असतो. हे नियमांच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलेले असते. त्यामुळे निकाल येईपर्यंत आम्ही करारावर सही केली नाही, तोंडी बोलण्यावर थांबलो. रचनाकारांनी विसाराशिवाय आपल्या वेळापत्रकात माझी जागा राखून ठेवली, याबद्दल मी त्यांची कायम ऋणी राहीन.

एका न्यासाचा नकार जुलैत आला, कारण न देता. ती संध्याकाळ वाईट गेली. दुसऱ्या न्यासाचा होकार सप्टेंबर २०२४ मध्ये आला, पण मागितलेल्या रकमेच्या जेमतेम अर्ध्यासाठी. उरलेले पैसे कुठून आणायचे, या विवंचनेत असताना एका सहकारी वादकाने भागीदारीची सूचना केली आणि ती सूचना या सगळ्या प्रवासातली सर्वांत मोलाची ठरली. आम्ही चार चेलोवादक एकत्र आलो. उरलेल्या मानधनाचा भार चौघांनी सारखा उचलायचा. प्रत्येकाने एक प्रयोग आपल्या भागात करायचा, आणि त्या भागात तो पहिला म्हणून जाहीर करायचा. जगातला पहिला प्रयोग माझा. एका फटक्यात पैशांचा प्रश्न सुटला आणि रचनेला सादर होण्याआधीच चार प्रयोग मिळाले. ज्यांना नव्या रचनेची इच्छा आहे पण एकट्याने झेपत नाही, त्यांनी आधी हा मार्ग पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन. चौघांचा आपसातला करार वेगळा करावा आणि त्यात कोणी माघार घेतली तर त्याचा वाटा कोण भरणार, हे लिहून ठेवावे. आमच्यात तशी वेळ आली नाही, पण ते कलम कागदावर असल्यामुळेच सगळे मोकळेपणाने बोलू शकले.

रचनाकाराबरोबरच्या करारावर नोव्हेंबर २०२४ मध्ये सह्या झाल्या. त्याच्या मसुद्यावर आम्ही बराच वेळ दिला, आणि तो योग्य ठिकाणी दिला असे आजही वाटते. कालावधी ‘बारा ते पंधरा मिनिटे’ असा पट्टा देऊन लिहिला. नेमका आकडा लिहिला तर एक बाजू अडचणीत येते. मानधन तीन हप्त्यांत: एक तृतीयांश सहीच्या वेळी, एक तृतीयांश कच्चा खर्डा हाती आल्यावर, उरलेले छपाईयोग्य प्रत मिळाल्यावर. रचना देण्याची तारीख ३१ डिसेंबर २०२५ आणि तिला सहा आठवड्यांची सवलत. पहिल्या प्रयोगापासून भागीदारांचे प्रयोग पूर्ण होईपर्यंत, पण जास्तीत जास्त एक वर्षच, रचना केवळ आम्हा चौघांकडे राहील. नंतर सर्वांसाठी खुली. हा राखीव काळ लांबवण्याचा मोह वादकाला होतो. तो टाळावा. रचना जितकी लवकर इतरांच्या हाती जाईल तितके तिचे आयुष्य वाढते.

स्वामित्वहक्काबद्दल अनेक वादकांचा गैरसमज असतो. मानधन दिले म्हणजे रचना विकत घेतली, असे होत नाही. करारात वेगळे लिहिलेले नसेल तर हक्क रचनाकाराकडेच राहतात. आपल्याला मिळतो तो पहिल्या प्रयोगाचा मान, ठरावीक काळापुरता एकाधिकार आणि बहुधा अर्पणपत्रिकेतले नाव. स्वामित्वहक्काबद्दलच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारानुसार हे हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षे टिकतात आणि अनेक देशांत ती मुदत ७० वर्षांची आहे. प्रयोगाचे स्वामित्वशुल्क सर्वसाधारणपणे सभागृह किंवा आयोजक भरतो, पण ते रचनाकारापर्यंत पोहोचायचे असेल तर कार्यक्रमपत्रिकेत रचनेचे नाव, रचनाकाराचे पूर्ण नाव आणि वाजवण्याचा कालावधी अचूक छापलेला असावा लागतो. त्या पत्रिकेची एक प्रत रचनाकाराला पाठवायची सवय मी लावून घेतली आहे.

बदलांचे कलम सर्वांत नाजूक होते. वादक आणि रचनाकार यांच्यात याच जागी कसे ताण आले, याचे दोन दाखले चेलोच्याच इतिहासात आहेत. द्वोर्झाक यांनी आपला कन्चेर्तो हानुश विहान या चेलोवादक मित्रासाठी लिहिला. विहान यांनी बदल सुचवले, शेवटच्या भागासाठी स्वतःची कॅडेन्झाही (एकट्या वादकाने कौशल्य दाखवायचा तुकडा) लिहिली. द्वोर्झाक यांनी ती नाकारली आणि परवानगीवाचून कोणताही बदल करू नये असे प्रकाशकाला बजावले. पहिला प्रयोग १८९६ च्या मार्चमध्ये लंडनला लिओ स्टर्न यांनी केला. उलट बाजूने, चायकोव्हस्की यांच्या ‘रोकोको’ व्हेरिएशन्समध्ये (एकाच धुनेच्या बदलत्या रूपांमध्ये) चेलोवादक फिट्झेनहागेन यांनी क्रम बदलला, एक व्हेरिएशन गाळले, आणि आजही बहुतेक ठिकाणी त्यांचीच आवृत्ती वाजते. आम्ही लिहिले ते असे: वाजवण्याच्या सोयीचे बदल, म्हणजे गजाच्या दिशा, बोटांच्या खुणा, अशक्य ताण सैल करणे, हे वादक सुचवील; सूर, लय आणि क्रम यांबद्दल अखेरचा शब्द रचनाकाराचा; आणि खर्डा तयार असताना दोन प्रत्यक्ष बैठका होतील, ज्यांचा खर्च अंदाजपत्रकात धरला आहे. बैठकांचे हे वाक्य करारात असणे मी अत्यावश्यक मानते. ते नसेल तर दोघांच्याही धावपळीत बैठक राहून जाते आणि वादकाच्या हाती अचानक पूर्ण झालेली रचना येते.

याच सुमारास हंगामाच्या मैफलीची आखणी सुरू झाली होती, आणि तिचा रचनेवर मला अपेक्षित नव्हता एवढा परिणाम झाला. नव्या रचनेच्या शेजारी कोदाय यांचा १९१५ सालचा एकल सोनाटा ठेवायचा, हे मी ठरवले होते. त्या सोनाट्यात खालच्या दोन तारा अर्ध्या सुराने उतरवतात: सी तार बी वर येते आणि जी तार एफ शार्पवर (एफच्या अर्धा सूर वर). दुसऱ्या बाजूला बाख यांचा पाचवा सुइट् घ्यावा असाही विचार होता. त्यात मूळ लेखनानुसार वरची ए तार जी वर उतरवायची असते. पण एका मैफलीत दोन वेगवेगळ्या जुळण्या केल्या की तारा स्थिर राहत नाहीत. उतरवलेली तार पुन्हा चढवली की ती वाजवता वाजवता घसरते, आणि त्याबरोबर उरलेल्या तारांचा ताणही हलतो. मी ही अडचण रचनाकारांना सहज कळवली. त्यांचे उत्तर आले की आपण कोदाय यांचीच जुळणी वापरू, म्हणजे पूर्वार्ध एका जुळणीत होईल, मध्यंतरात तारा नेहमीच्या सुरांवर आणता येतील आणि त्यांना स्थिरावायला वेळ मिळेल. बाख यांचा पाचवा सुइट् बाजूला ठेवून उत्तरार्धासाठी मी तिसरा निवडला. नवी रचना कोणाच्या शेजारी वाजणार आहे, हे रचनाकाराला लवकर सांगावे. अनेकांना ते हवे असते आणि विचारायचा संकोच वाटतो.

सभागृहांच्या व्यवस्थापकांशी बोलताना एकाने नव्या रचनेऐवजी ओळखीचे काही घेता येईल का, असे विचारले. मी तिचे स्थान बदलून दाखवले. मैफल नव्या रचनेने सुरू केली तर उशिरा येणारे दारात अडकतात आणि कानही अजून बसलेले नसतात. शेवटी ठेवली तर श्रोता थकलेला असतो. पूर्वार्धात एका लहान रचनेनंतर ती आणि मग कोदाय, असा क्रम दिल्यावर त्यांची हरकत राहिली नाही.

पहिली बैठक एप्रिल २०२५ मध्ये झाली. त्यांनी पानभर तुकडे आणले होते आणि त्या हट्टी सुराचा प्रश्न तिथेही पहिला आला. चेलोवर साधारण ई आणि एफ शार्प यांच्या मध्ये कुठेतरी एक सूर असा असतो की तो वाद्याच्या पोटातल्या अनुनादाशी भिडतो आणि सरळ उभा राहत नाही, थरथरतो, फुटतो. त्याला वुल्फ टोन म्हणतात. माझ्या चेलोवर तो एफ वर आहे. एरवी तो दाबण्यासाठी घोडीच्या खालच्या बाजूला तारेवर एक लहानशी धातूची नळी बसवलेली असते आणि अगदीच गरज पडली तर मी गुडघ्यांनी वाद्याच्या कडा आवळते. त्यांनी नळी काढायला सांगितली. मग सी तारेवर वरच्या जागी तो सूर धरून गज अगदी हळू, थोडा घोडीजवळून ओढायला सांगितले. सूर फुटायला लागला. गजाचा दाब वाढवला की थरथर मंद होत होती, कमी केला की जलद. त्या शेजारी उभ्या राहून हाताच्या बोटांनी मांडीवर ठोके मोजत होत्या. इतकी वर्षे जो सूर मी लपवत आले, तो कोणी इतक्या जवळून ऐकते आहे, याचे मला विलक्षण वाटले.

त्यातून एक खरी अडचण उभी राहिली. रचना चौघांसाठी होती आणि चौघांच्या वाद्यांवर हा सूर वेगवेगळ्या जागी होता. एकाचा जवळजवळ एफ शार्पवर, एकाचा ई च्या थोडा वर, आणि एकाच्या चेलोवर तो इतका क्षीण की शोधावा लागे. रचनाकारांनी उन्हाळाभर त्यावर विचार केला आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या बैठकीत उपाय आणला. मधल्या भागात मुख्य सूर नेमका लिहिलेलाच नाही. तिथे एक खूण आहे आणि सूचना आहे की वादकाने आपल्या वाद्याचा वुल्फ टोन वाजवावा. भोवतीचे सूर त्या खुणेपासूनच्या अंतराने दिले आहेत, त्यामुळे प्रत्येक चेलोवर तो भाग थोडा वर किंवा खाली सरकतो. ज्याच्या वाद्यावर तो सूर क्षीण आहे त्याच्यासाठी घोडीजवळून वाजवण्याचा पर्याय दिला आहे. एकाच वादकासाठी लिहिले असते तर हा भाग सुचला नसता, असे त्या स्वतः म्हणाल्या.

दुसऱ्या बैठकीत उरलेला वेळ लेखनपद्धतीत गेला. तारा उतरवल्या की स्वरलिपी दोन प्रकारे लिहिता येते: बोट जिथे पडते तो सूर लिहायचा किंवा कानाला ऐकू येतो तो. वाजवताना पहिली पद्धत सोयीची असते, कारण हाताची सवय तशी असते. अभ्यासाला दुसरी हवी, नाहीतर सुरांची नाती कागदावर दिसतच नाहीत. आम्ही दोन्ही प्रती मागितल्या. छपाईचा खर्च वाढला, राखीव रकमेतला एक भाग इथे गेला. असा प्रश्न ज्यांच्यापुढे येईल त्यांनी दोन्ही प्रतींची मागणी कराराच्या वेळीच नोंदवून ठेवावी, म्हणजे वाढीव खर्चाची बोलणी ऐन वेळी करावी लागत नाहीत.

डिसेंबरअखेर रचना आली नाही. रचनाकारांच्या घरी आजारपण होते आणि त्यांनी ते आधी कळवले होते. सवलतीचे सहा आठवडे पुरते वापरून फेब्रुवारी २०२६ च्या मध्यावर प्रत आली. पहिला प्रयोग नोव्हेंबरमध्ये असल्यामुळे मला घाई नव्हती, तरी जानेवारीतले ते दिवस अस्वस्थ गेले. रचना मिळण्याची तारीख आणि प्रयोग यांच्यात किमान सहा महिने ठेवा, असे ज्यांनी मला सांगितले त्यांचे शब्द तेव्हा पटले. प्रत आल्यावर चौघांनी स्वतंत्रपणे तपासली आणि सापडलेल्या चुका एका तक्त्यात लिहिल्या: विसरलेले शार्प, एका ठिकाणी सुटलेली बांधणी (सूर जोडणारी कमान), आणि तीन पाने सलग अशी की कुठेही हात मोकळा होत नव्हता आणि पान उलटणे अशक्य होते. ती तीन पाने आता एकाच लांब घडीच्या कागदावर छापली आहेत.

वाद्यवृंदाच्या रचनेबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण तिथे बहुतेक काम वाद्यवृंदांच्या कार्यालयांनी केले. वाद्यवृंद आपले हंगाम दोन-तीन वर्षे आधी ठरवतात, त्यामुळे २०२४ च्या सुरुवातीला बोलणे सुरू करूनही आम्ही उशीरच केला असे त्यांचे म्हणणे होते. तीन वाद्यवृंदांनी भागीदारीत ती लिहून घेतली. २०२५ च्या उन्हाळ्यात एकाचे कलासंचालक बदलले आणि नव्या व्यवस्थेत ही योजना बसली नाही, म्हणून त्यांनी माघार घेतली. त्यांच्या जागी एक लहान तंतुवाद्यवृंद आला. रचना फक्त तंतुवाद्यांसाठी होती, म्हणूनच हे शक्य झाले. फुंकवाद्ये आणि तालवाद्ये असती तर त्या वृंदाला ती परवडली नसती. जी रचना फिरावी असे वाटते, तिचा वाद्यमेळ लहान ठेवावा.

तालमीबद्दल मी एकच गोष्ट लेखी मागितली: नव्या रचनेची तालीम प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला व्हावी. एल्गार यांच्या चेलो कन्चेर्तोचा पहिला प्रयोग २७ ऑक्टोबर १९१९ रोजी लंडनमध्ये झाला, तेव्हा उरलेला कार्यक्रम बसवणाऱ्या संचालकाने तालमीचा बराच वेळ आपल्याकडे घेतला आणि तो प्रयोग फसला. आज तो कन्चेर्तो चेलोच्या सर्वांत लाडक्या रचनांपैकी एक आहे, पण त्या दिवशी तो नीट ऐकूच आला नाही. वाद्यवृंदांनी माझी मागणी कोणत्याही चर्चेशिवाय मान्य केली. प्रत्येक विभागाच्या प्रमुखाला गजाच्या दिशा लिहायला वेळ मिळावा म्हणून प्रती तालमीच्या दोन महिने आधी पोहोचतील, हेही ठरले आहे.

हंगामातले काही प्रयोग सीमेपलीकडे आहेत आणि त्याची कागदपत्रे वेगळीच. वाद्य तात्पुरते नेण्या-आणण्यासाठी एटीए कार्नेट हा सीमाशुल्काचा परवाना काढला. त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्षाची असते, म्हणून तो पहिल्या प्रवासाच्या अगदी आधी काढावा, म्हणजे हंगामभर पुरतो. गजाचा प्रश्न त्याहून किचकट आहे. उत्तम गज ज्या परनाम्बुको लाकडाचे असतात, ते झाड २००७ पासून साइट्स कराराच्या, म्हणजे धोक्यातल्या वन्य जातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि माझ्या जुन्या गजाच्या टोकाला हस्तिदंताची पातळ पट्टी आहे. अशा वाद्यांसाठी जे प्रमाणपत्र मिळते ते तीन वर्षांपर्यंत चालते. अर्जासोबत गजाची सर्व बाजूंनी छायाचित्रे आणि तो कधी, कोणी बनवला याबद्दल जाणकार कारागिराचे पत्र जोडावे लागले. उत्तर यायला सुमारे दोन महिने लागले. प्रत्येक सीमेवर त्यावर शिक्का घ्यावा लागतो आणि तो प्रत्येक नाक्यावर मिळतोच असे नाही, म्हणून प्रवासाचा मार्ग ठरवण्याआधी तिथल्या कार्यालयाला विचारावे. हस्तिदंताबद्दल काही देशांचे नियम याहूनही कडक आहेत. हे सर्व पाहून मी प्रवासासाठी कार्बन फायबरचा दुसरा गज तयार ठेवला आहे आणि नवी रचना दोन्ही गजांवर बसवते आहे. वुल्फ टोनचा भाग दोघांवर वेगळा वाजतो, त्यामुळे तो सराव तसाही हवा होता.

विमानात चेलोसाठी शेजारचे आसन विकत घ्यावे लागते. ते संकेतस्थळावरून न घेता विमान कंपनीला फोन करून घ्यावे, वाद्याची उंची-रुंदी आधी कळवावी आणि खिडकीजवळचे आसन मागावे, कारण बाकीच्यांच्या बाहेर पडण्याच्या वाटेत वाद्य ठेवू देत नाहीत. आसनाची लेखी खात्री छापून जवळ ठेवावी.

आता ऑगस्ट चालू आहे. एकल रचना पूर्ण बसली आहे, वुल्फ टोनचा मधला भाग अजून रोज वेगळा वागतो. पहिला प्रयोग नोव्हेंबर २०२६ मध्ये, वाद्यवृंदाची रचना फेब्रुवारीत. उरलेल्या तीन भागीदारांचे प्रयोग डिसेंबर ते मे २०२७ या काळात आहेत. शेवटचा झाल्यावर करारानुसार एकाधिकार संपेल आणि स्वरलिपीच्या दोन्ही प्रती रचनाकारांकडे मागता येतील. त्यासोबत वुल्फ टोनची खूण कशी वाचायची याचे एक पान आम्ही चौघे मिळून लिहितो आहोत, प्रत्येकाच्या वाद्यावर तो सूर कुठे होता आणि तो कसा सापडला, या नोंदींसह. पाचव्या वादकाला सुरुवात शून्यापासून करावी लागू नये, एवढाच त्यामागचा हेतू आहे.